पोलिसांच्या गैरवर्तनाची भरपाई सरकारी तिजोरीतून किती गेली? नागपुरातून माहिती अधिकारात कागद मिळवण्याची वाट

कोठडीत मृत्यू होतो, कुणाला बेकायदा डांबून ठेवलं जातं, ठाण्यात मारहाण होते. पुढे केव्हातरी न्यायालय किंवा मानवी हक्क आयोग 'कुटुंबाला इतकी रक्कम द्या' असा आदेश देतो आणि त्याची बातमी छापून येते. त्यानंतरचं मात्र बहुधा छापलं जात नाही. रक्कम खरंच मिळाली का? किती महिन्यांनी? कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या खात्यातून? ज्याच्या वागण्यामुळे ती द्यावी लागली, त्याच्या पगारातून काही वसूल झालं का? हा पैसा आपल्या करांतून जातो, त्यामुळे हे प्रश्न विचारण्याचा हक्क पीडित कुटुंबाइतकाच प्रत्येक नागरिकाला आहे.

हा लेख नागपूर शहर आणि जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. 'पोलिसांच्या गैरवर्तनाची माहिती द्या' असा अर्ज केलात तर हाती काही लागत नाही. पैशाचा माग काढा. शासनाचा रुपया कागदाशिवाय हलत नाही, आणि तो कागद कोणत्या टेबलावर आहे हे कळलं की अर्ध काम झालं.

पैसा कोणत्या दारांतून जातो

अमेरिकेत अनेक शहरांत पोलीस महापालिकेच्या अखत्यारीत असतात. तिथे दावे तडजोडीने मिटतात आणि रकमेची नोंद शहराच्या दप्तरात सापडते. आपल्याकडे पोलीस हे राज्य सरकारचं खातं आहे, म्हणून नागपूर महानगरपालिकेकडे याबाबत अर्ज करण्यात अर्थ नाही. तडजोडीही क्वचितच होतात. केरळ सरकारने इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलेल्या ५० लाखांखेरीज दावा मिटवण्यासाठी १ कोटी ३० लाख रुपये दिले, ते असंच एक विरळ उदाहरण. एरवी रक्कम जाते ती आदेशाने किंवा शिफारशीने.

पहिलं दार उच्च न्यायालयाचं, म्हणजे आपल्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. मूलभूत हक्काचा भंग झाला तर रिट याचिकेतच, म्हणजे त्याविरुद्ध थेट वरिष्ठ न्यायालयात केलेल्या अर्जातच भरपाई देता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या रुदुल शाह प्रकरणात मांडलं आणि १९९३ च्या नीलाबती बेहेरा प्रकरणात पक्कं केलं. दुसऱ्या प्रकरणात कोठडीत मेलेल्या तरुणाच्या आईला दीड लाख रुपये द्यायला सांगितले होते. दुसरं दार मानवी हक्क आयोगांचं, दिल्लीतला राष्ट्रीय आणि मुंबईतला राज्य आयोग. मानवी हक्क संरक्षण अधिनियम १९९३ च्या कलम १८ खाली ते रकमेची शिफारस करतात. तिसरं, पोलीस तक्रार प्राधिकरण. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन राज्य आणि विभागीय पातळीवर याची तरतूद झाली. चौथं, साधा दिवाणी दावा.

कारागृहातला मृत्यू हा वेगळा विषय आहे. नागपूर मध्यवर्ती कारागृहातली घटना असेल तर अर्ज कारागृह विभागाकडे जातो, पोलिसांकडे नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारागृहातल्या अनैसर्गिक मृत्यूंसाठी भरपाईचं धोरण मंजूर केलं, त्यामुळे तिथले कागद आता एका ठराविक साच्यात मिळायला हवेत.

दोन गोष्टी यात मिसळू देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत गुन्ह्यातल्या पीडितांना मिळणारी मदत, आणि पोलीस वाहनाच्या अपघातात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने दिलेली रक्कम. दोन्हींना 'नुकसानभरपाई' हाच शब्द वापरतात. अर्जात नुसता तो शब्द लिहिलात तर अपघातांचे आकडे गैरवर्तनाच्या आकड्यांत मिसळून येतील आणि तुमचा निष्कर्ष चुकेल.

आदेश झाल्यावरचा प्रवास साधारण असा असतो. मंत्रालयातला गृह विभाग मंजुरी देतो. ती पोलीस महासंचालक कार्यालयाकडून आयुक्त किंवा अधीक्षकांकडे येते. तिथले आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे सरकारी रक्कम काढून वाटणारे अधिकारी, देयक (बिल) तयार करतात, ते जिल्हा कोषागारात पास होतं आणि रक्कम खात्यात जमा होते. पोलिसांवरचा खर्च २०५५ या मुख्य लेखाशीर्षाखाली दिसतो. कोषागारातली प्रमाणकं (व्हाउचर) पुढे महालेखापालांकडे जातात, आणि विदर्भासाठी ते कार्यालय नागपुरातच आहे. एका ठिकाणी 'कागद सापडत नाही' म्हणाले तरी त्याच व्यवहाराची नोंद दुसऱ्या कार्यालयात असते.

अर्जाआधी फुकट मिळणारं गोळा करा

इथे घालवलेला वेळ नंतर कित्येक पटींनी वाचतो. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर नागपूर खंडपीठ निवडून निकाल शोधता येतात. फौजदारी रिट याचिकांवर भर द्या. निकाल सापडला की याचिका क्रमांक, दिनांक आणि आदेशातली रक्कम टिपून ठेवा.

मग महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर जा. विभाग 'गृह' निवडा आणि 'नुकसानभरपाई', 'मानवी हक्क आयोग', 'कोठडीतील मृत्यू' हे शब्द एकेक करून घाला. 'नुकसान भरपाई' असं तोडूनही शोधा, कारण कारकून दोन्ही प्रकारे लिहितात.

राष्ट्रीय आयोगाच्या वार्षिक अहवालांत शिफारस केलेल्या रकमांची प्रकरणवार माहिती असते. संसदेतल्या प्रश्नोत्तरांत राज्यवार आकडे मिळतात. नागपूरकरांना आणखी एक सोय आहे. दर हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन आपल्या गावात भरतं. तारांकित आणि अतारांकित प्रश्नांची उत्तरं विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात, आणि आपल्या आमदारामार्फत नवा प्रश्नही देता येतो. तो अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो, म्हणून हिवाळ्याची वाट पाहू नका.

न्यायालयीन निकालाची प्रमाणित प्रत हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करू नका. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की न्यायालयीन कागद न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेच मागायचे.

अर्ज कुणाकडे करायचा

घटना शहराच्या हद्दीतली असेल तर सिव्हिल लाइन्समधलं पोलीस आयुक्त कार्यालय. ग्रामीण भागातली असेल तर नागपूर ग्रामीणचे पोलीस अधीक्षक. रेल्वे स्टेशनावर किंवा गाडीत घडलेलं असेल तर लोहमार्ग पोलीस, नागपूर. ही तीन वेगळी कार्यालयं आहेत आणि एकाची माहिती दुसऱ्याकडे नसते. स्टेशनावरच्या रेल्वे सुरक्षा दलाचा विषय असेल तर तो केंद्र सरकारचा, त्याचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर करायचा. कोठडीतल्या मृत्यूचा तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे जातो, त्यामुळे तपासाचे कागद आयुक्तांकडे नसण्याची शक्यता धरून चाला.

माझा सल्ला असा की एकाच वेळी तीन ठिकाणी अर्ज टाका. गृह विभागाकडे मंजुरीचे कागद मागा, आयुक्त किंवा अधीक्षकांकडे देयकं आणि वसुलीचे आदेश, आणि ज्या आयोगाने शिफारस केली त्याच्याकडे शिफारशीच्या पूर्ततेचा अहवाल. तिन्ही उत्तरं शेजारी ठेवली की तफावत आपोआप दिसते.

जन माहिती अधिकारी कोण, हे कार्यालयातल्या फलकावर किंवा माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली प्रसिद्ध केलेल्या माहितीत असतं. अधिकाऱ्याचं नाव लिहू नका, 'जन माहिती अधिकारी' एवढंच पदनाम लिहा. बदली झाली तरी अर्ज अडकत नाही. कार्यालय चुकलं तरी कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे.

अर्ज कसा लिहायचा

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज जोडपत्र 'अ' या ठराविक नमुन्यात करायचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. या अटीवर बोट ठेवून अर्ज परत येतात, म्हणून शब्द मोजा. कारण सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. कार्यालयात 'कशाला पाहिजे?' असं विचारलं तर हे कलम शांतपणे सांगा.

प्रश्न विचारू नका, कागद मागा. 'कारवाई का केली नाही?' याला उत्तर देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही. 'कारवाईबाबतच्या आदेशाची आणि टिप्पणीची प्रत द्या' याला आहे. आयुक्त कार्यालयासाठी मजकूर असा लिहिता येईल:

विषय: न्यायालय व मानवी हक्क आयोगांच्या आदेशांनुसार अदा केलेली नुकसानभरपाई.
कालावधी: १ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२५.
तपशील: (१) नागपूर शहर पोलीस दलातील अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या कृतीबाबत उच्च न्यायालय, राष्ट्रीय वा राज्य मानवी हक्क आयोग अथवा पोलीस तक्रार प्राधिकरण यांच्या ज्या आदेशांनुसार या कार्यालयामार्फत नुकसानभरपाई अदा झाली, त्या आदेशांच्या प्रती. (२) रक्कम मंजुरीच्या आदेशांच्या प्रती. (३) कोषागारात सादर केलेल्या देयकांच्या प्रती, देयक क्रमांक, दिनांक, रक्कम व लेखाशीर्ष यांसह. (४) सदर रक्कम जबाबदार अधिकारी-कर्मचाऱ्यांकडून वसूल करण्याबाबतच्या आदेशांच्या प्रती. मोटार अपघात दाव्यांची माहिती वगळावी. लाभार्थ्यांची नावे, पत्ते व बँक तपशील कलम १० प्रमाणे वगळून उर्वरित माहिती द्यावी.

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. नावं आपणच सोडून दिली की नकाराचं सर्वात सोपं कारण त्यांच्या हातून निघून जातं.

एखादं ठराविक प्रकरण हवं असेल तर आणखी सोपं. याचिका क्रमांक किंवा आयोगाचा प्रकरण क्रमांक लिहा आणि 'या प्रकरणातील नस्तीची टिप्पणी बाजू व पत्रव्यवहार बाजू' मागा. नस्ती म्हणजे फाइल. टिप्पणी बाजूत कोणी काय शेरा मारला, फाइल कुठे किती दिवस पडून राहिली, हे तारखांसह दिसतं. माझ्या मते संपूर्ण नस्तीत तेवढं मोलाचं दुसरं काही नसतं.

शुल्क आणि दाखल करणं

राज्याच्या कार्यालयांत अर्जाचं शुल्क १० रुपये. न्यायालय मुद्रांक, म्हणजे कोर्ट फी स्टॅम्प चिकटवणं सर्वांत सोयीचं. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला पुराव्यासह शुल्क माफ आहे. हाती देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. टपालाने पाठवायचा तर स्पीड पोस्ट, पोचपावतीसह. मंत्रालयातल्या विभागांसाठी राज्याचं ऑनलाइन पोर्टल आहे, मुंबईला जायची गरज नाही. राष्ट्रीय आयोग आणि महालेखापाल ही केंद्राची कार्यालयं, तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. पोस्टल ऑर्डर लावा किंवा केंद्राचं पोर्टल वापरा.

उत्तराची मुदत ३० दिवस. प्रतींसाठी पानाला २ रुपये या दराने ते शुल्क कळवतात. कळवल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली तर ती कलम ७(६) प्रमाणे मोफत द्यावी लागते.

पोलिसांविरुद्धची माहिती मागताना घरचा पत्ता देण्याची भीती वाटते, आणि ती बिनबुडाची नाही. कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पोस्ट बॉक्स क्रमांकही पुरेसा मानला आहे. संस्थेच्या किंवा वकिलांच्या पत्त्यावर उत्तर मागवता येतं. घरात कोणाला तरी आणि बाहेर एका विश्वासू माणसाला अर्जाची प्रत देऊन ठेवा.

नकार आला तर

खरी लढाई इथे होते, म्हणून थोडं सविस्तर.

'तपास सुरू आहे, कलम ८(१)(ज) प्रमाणे नाकारण्यात येते.' ही तरतूद तपासात किंवा खटल्यात अडथळा येणार असेल तरच लागू होते. नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही, माहिती दिल्याने अडथळा कसा येईल हे दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंह प्रकरणात म्हटलं. हा निकाल नागपुरात बंधनकारक नसला तरी अपिलात त्याचं वजन पडतं. शिवाय अदा झालेल्या देयकाची प्रत दिल्याने कोणता तपास अडणार? हा प्रश्न अपिलात नेमका याच शब्दांत विचारा.

'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.' कायद्यात हे कारणच नाही. न्यायालयाने ती माहिती प्रसिद्ध करायला स्पष्ट मनाई केली असेल तरच नकार देता येतो. मनाईच्या आदेशाची प्रत मागा.

'वैयक्तिक माहिती आहे.' हा अडथळा मात्र खरा आहे आणि आता वाढला आहे. गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कर्मचाऱ्याला दिलेल्या नोटिसा आणि शिक्षा ही वैयक्तिक माहिती ठरवली. ते प्रकरण अकोल्यातल्या एका अधिकाऱ्याचं होतं, आपल्याच नागपूर खंडपीठातून वर गेलेलं. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीच्या उपकलमातली सार्वजनिक हिताची सवलतच काढून टाकली, आणि ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. मला हा बदल नागरिकांवर अन्याय करणारा वाटतो. तरी दोन वाटा उरल्या आहेत. एक, कलम ८(२): सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, आणि ही तरतूद जशीच्या तशी शाबूत आहे. दोन, नावाऐवजी पदनाम मागा. 'एका पोलीस उपनिरीक्षकाकडून अमुक रक्कम वसूल' एवढं मिळालं तरी सार्वजनिक पैशाचा हिशेब लागतो.

'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' यात तथ्य असू शकतं. जी यादी कार्यालयाने कधी केलीच नाही ती तुमच्यासाठी तयार करण्याचं बंधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात म्हटलं आहे. यावर भांडू नका, अभिलेखाची पाहणी मागा. पहिला तास मोफत, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये. देयक नोंदवही, आयोगाच्या पत्रव्यवहाराची नोंदवही आणि न्यायालयीन प्रकरणांची नोंदवही पाहायला मागा. हव्या त्या पानांचे क्रमांक टिपा आणि तिथेच प्रतींची मागणी लिहून द्या.

'माहिती विस्तृत आहे.' कलम ७(९) माहितीचं स्वरूप बदलण्याची मुभा देतं, ती नाकारण्याची नाही. पाहणीचा पर्याय इथेही चालतो.

'अभिलेख उपलब्ध नाही' किंवा 'नष्ट केला.' महाराष्ट्रात नस्त्यांचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं आणि वर्गाप्रमाणे त्या किती वर्षं ठेवायच्या हे ठरतं. ती नस्ती कोणत्या वर्गात होती आणि नष्ट केल्याची नोंद कुठे आहे, हे वेगळ्या अर्जाने मागा. नोंद नसेल तर 'नष्ट केला' हे उत्तर माहिती आयोगापुढे टिकणं कठीण.

जुन्या घटनांसाठी कलम ८(३) लक्षात ठेवा. अर्जाच्या तारखेच्या २० वर्षांआधीची घटना असेल तर तपासात अडथळा किंवा वैयक्तिक माहिती ही कारणं चालत नाहीत. नागपुरात १९९३ मध्ये कोठडीत झालेल्या एका मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये पोलिसांची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षं केली. निकालाला २५ वर्षं लागली. अशा प्रकरणांत भरपाईचे कागद शोधताना हेच कलम कामाला येतं.

काही गुप्तवार्ता यंत्रणांना राज्याने कलम २४(४) खाली वगळलं आहे. पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती त्या सवलतीतही बसत नाही. हक्कभंगाच्या बाबतीत राज्य माहिती आयोगाच्या मान्यतेने ती ४५ दिवसांत द्यायची असते.

अपील

उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत प्रथम अपील, जोडपत्र 'ब' मध्ये, २० रुपयांचा मुद्रांक लावून. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे जातं आणि निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा. सुनावणीला जाताना एका पानावर तीन रकाने करून न्या: काय मागितलं, काय मिळालं, काय राहिलं. भाषणापेक्षा हे पान उपयोगी पडतं. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे त्यांची आहे, तुमची नाही.

तिथेही दाद मिळाली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे द्वितीय अपील, जोडपत्र 'क'. इथे प्रतीक्षा लांबते, म्हणून मधल्या काळात त्याच पैशाचे कागद दुसऱ्या दारातून, म्हणजे कोषागार किंवा मानवी हक्क आयोगाकडून मागत राहा. अपिलात दंडाची मागणी लिहायला विसरू नका. दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये.

कागद हाती आल्यावर

प्रत्येक प्रकरणासाठी चार तारखा मांडा: घटनेची, आदेशाची, मंजुरीची आणि रक्कम जमा झाल्याची. पुढे तीन रकमा: आदेशातली, प्रत्यक्ष दिलेली, वसूल झालेली. विलंबावर व्याज द्यायचं असेल तर तो वेगळा रकाना, कारण सरकारी दिरंगाईचा खर्चही करदात्यावरच पडतो. वसुलीचा रकाना रिकामा राहिला तर 'वसुली झाली नाही' असं लगेच लिहू नका. आधी 'वसुलीबाबत कोणताही आदेश अभिलेखावर नाही' एवढं लेखी उत्तर मिळवा, तेही एक सरकारी कागदच असतं.

पीडित कुटुंबाला विचारल्याशिवाय त्यांचं नाव, गाव किंवा रक्कम कुठेही टाकू नका. खात्यात पैसे आल्याचं कळलं की दारात नातलग आणि सावकार दोघंही उभे राहतात. कुटुंबाला अजून रक्कम मिळाली नसेल, तर तुमच्याकडची मंजुरी आदेशाची प्रत आधी त्यांच्या हाती द्या. ती घेऊन त्यांना मानवी हक्क आयोगाकडे किंवा नागपूर खंडपीठात अंमलबजावणीसाठी जाता येईल.